पेटारीचं चाक

२२ जून, रविवार

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिलेली. मुखपृष्ठावर लिफ्टचं चित्र आणि खाली 'सुरक्षित प्रवास'. इतके दिवस कोरी पडून होती. आजपासून लिहितो, कारण मनात जे आहे ते कोणाशी बोलायची सोय नाही. बोललो तर लोक हसतील. मेलेल्या माणसावर कोणी जळतं का?

मी जळतो.

फेब्रुवारीत हेमांगीशी लग्न झालं. तिचं दुसरं, माझं पहिलं. माझं वय एक्केचाळीस, म्हणजे घरच्यांनी नाद सोडून दिलेला. लग्नानंतर मी मोहन्याहून इथे कोलशेत गावात राहायला आलो, कारण हेमांगी इथे राहते. ती इथे राहते, कारण तिची सासू इथे राहते. सासू म्हणजे पहिल्या नवऱ्याची, दिपेशची आई, भागीरथीबाई. दिपेश चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. या बाईंनीच सुनेला लेक मानली आणि पुढे होऊन तिचं लग्न माझ्याशी लावून दिलं. म्हणजे मी माझ्या बायकोच्या सासूचा जावई. असं नातं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. हेमांगी त्यांना आई म्हणते. मी मावशी म्हणतो. त्या मला 'अनिशराव' म्हणतात. गल्लीत नगरसेवकापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारी ही बाई मला मात्र 'तुमी' म्हणते.

मोहन्याचे मित्र 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून चिडवतात. नागोबा तरी बिळात एकटा असतो. इथे जेवायला बसलो की समोरच्या भिंतीवर दिपेश हार घालून हसत असतो.

आम्ही रेयॉनच्या कारखान्याच्या चाळीत वाढलो. आमची बाग म्हणजे गॅलरीतली तुळस. इथे घरामागे चांगलं ऐसपैस परस आहे. यंदा तिथे भेंडी लावायची ठरवली. निदान एक गोष्ट या घरात माझ्या हातची असावी. आज कुदळ घेऊन गेलो तर जिकडेतिकडे एकच रोप उगवलेलं. बदामाच्या आकाराचं पान, वर मखमलीसारखी लव. पायरीच्या फटीतसुद्धा. हेमांगी कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं, "हे काय गं?"

"दिपेशच्या वेळपासून आहे ते," ती म्हणाली.

पुढे विचारलं नाही. तेवढं पुरे झालं.

२९ जून

ज्याला उपटायचं त्याचं नाव तरी माहीत असावं. फोनमध्ये झाडं ओळखायचं ॲप घेतलं. पहिल्या फोटोला म्हणालं जास्वंद, दुसऱ्याला कापूस, तिसऱ्याला तुती. चौथा फोटो हलला, त्यात माझा अंगठा आला, तर त्याचंही काहीतरी नाव सांगितलं.

कामावर विकीला फोटो दाखवला. विकी माझा जोडीदार, आम्ही दोघं या पट्ट्यातल्या टॉवरांच्या लिफ्ट सांभाळतो. तो म्हणाला, "सर, एवढं काय टेन्शन घेताय? जंगली है तो उखाडो. सिंपल." माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तोंडात कोंबून हे ज्ञान दिलं. रोज माझी अर्धी भाकरी त्याची असते. मावशी पहाटे उठून दोन डबे भरतात, एक माझा आणि एक हेमांगीचा. ती शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तांदळाची भाकरी आणि सुकं काहीतरी. चव आहे बाईंच्या हाताला, ते नाकारत नाही.

६ जुलै

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या टॉवरची लिफ्ट मी दर महिन्याला तपासतो, तिथेच वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात, आसावरीबाई. काल लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या, तर खिशातलं पान काढून दाखवलं.

त्यांनी पान गालाला लावून बघितलं. "फूल पिवळं? संध्याकाळकडे उमलतं?"

"मागे कपडे धुवायच्या दगडापाशी एक जुनं झुडूप आहे. त्याला येतात तशी."

"आणि फळ चाकासारखं? आऱ्या असल्यासारखं?"

"हो."

"मग ही पेटारी. कोणी मुद्रा म्हणतं, वैद्य अतिबला म्हणतात. भेंडी, जास्वंद, कापूस, सगळी हिची भावकी."

म्हणजे ॲप अगदीच गाढव नव्हतं. काढायची कशी ते विचारलं. जमीन ओली असताना रोप लहान असेल तोवर मुळासकट उपटायचं, कारण मोठं झालं की मूळ खोल जातं. फळं काळी पडायच्या आत खुडायची. एकेका फळात कप्पेच कप्पे, त्यात बिया, आणि त्या बिया मातीत वर्षानुवर्षं दम धरून बसतात. माती उकरली की नव्याने उगवतात. "भेंडी लावताय तर जपा," त्या म्हणाल्या. "पांढरी माशी दोघींवर बसते. पण पूर्ण नाहीशी करायच्या भानगडीत पडू नका हो. कुंपणाकडे एखादी असू द्या. गुणी आहे."

गुणी! इथेही त्याचंच कौतुक.

१३ जुलै

सकाळपासून उपटतोय. ओल्या मातीतून रोपं लोण्यातून सुरी काढावी तशी निघतात. पायरी, तुळशीमागची जागा, विहिरीचा कठडा, सगळं साफ केलं. मग जुन्या झुडपाकडे वळलो. कमरेएवढं उंच, खोड लाकडासारखं. हात घातला तोच मागून मावशींचा आवाज.

"अनिशराव, बाकीचे उपटा. पन यो झार राहू द्या."

"भेंडीला रोग येईल मावशी."

"येवंदे. यो एक राहू द्या."

हुकूम नव्हता. विनंतीही नव्हती. मी हात काढला.

रात्री हेमांगीला विचारलं, त्या झाडात असं काय आहे? ती उशीची खोळ घालत होती. म्हणाली, "आई त्याच्या फळाचा छाप मारायच्या भाकरीवर. तव्यावर टाकायच्या आधी दाबायचं. भाजली की कडेला चाक उमटतं."

"कोणाच्या भाकरीवर?"

"दिपेशच्या." मग खोळ ओढून बसवत म्हणाली, "दिपेशच्याच."

दोनदा म्हणाली. आणि दुसऱ्यांदा आवाज कसा झाला ते मला बरोबर कळलं. आठवण दाटून आली की आवाज असाच होतो. मी कूस बदलून झोपलो, म्हणजे झोपल्यासारखं केलं.

३ ऑगस्ट

भेंडीला फुलं आली. पेटारीलाही. तिची फुलण्याची वेळ म्हणजे नेमकी माझी घरी यायची वेळ. मी फाटक उघडतो, बूट काढतो, आणि समोर ही पिवळीधमक. हेमांगी चहा देते ती मागच्या दारात उभी राहून, तोंड तिकडे करून. माझ्याकडे बघून चहा दिला तर काय बिघडेल?

काल टॉवरच्या गच्चीवर मशीनरूममध्ये काम होतं. तिथून आमचं परस हातरुमालाएवढं दिसतं. सहज वाकून बघितलं तर झुडपापाशी मावशी आणि हेमांगी दोघी. मावशींनी एक फळ हातात धरलं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि मान हलवली. हेमांगी काहीतरी म्हणाली. मावशींनी परत मान हलवली. दोघींचं दुःख इतक्या उंचावरून दिसत होतं. विकी म्हणाला, "सर, पाना द्या की." पाना माझ्या हातात होता आणि मी तो घट्ट धरून उभा होतो.

लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटलं, मी मेलो तर माझ्या कुठल्या झाडापाशी कोण उभं राहील?

१७ ऑगस्ट

भेंडी गेली. पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडल्या, मग सगळं पान. केवडा रोग. आसावरीबाईंनी सांगितलेलं तसंच. पानं उलटून बघितली तर पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. भेंडी धरली होती तीही वाकडी, पांढुरकी.

"बघ," हेमांगीला म्हटलं. "तुमच्या त्या झाडाने माझी भेंडी खाल्ली."

"अरे, बाजूच्या बोबड्यांच्या भेंडीला पण रोग आहे. त्यांच्याकडे कुठे पेटारी?"

"त्यांचं मला सांगू नकोस."

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती म्हणाली आणि हसली. हसायला नको होतं. मी खूप बोललो. या घरात श्वास घ्यायला जागा नाही म्हटलं. भिंतीवर तो, परसात तो, ताटात तो. हेमांगी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझं काय म्हणणं आहे?"

"टिटवाळ्याला नवीन बिल्डिंग होतायत. आपण तिथे घर घेऊ."

"आणि आई?"

"त्यांना त्यांचं घर आहे की."

आत मावशींच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. ऐकलं असेल का?

२४ ऑगस्ट

टिटवाळ्याला जाऊन आलो. सॅम्पल फ्लॅट दाखवला. हेमांगीने स्वयंपाकघराचा नळ उघडून बघितला, त्याला पाणी नव्हतं. परतताना म्हणाली, "तू ठरव. मी तुझ्यासोबत येईन. पण आईंना तू सांगायचं. मला जमणार नाही."

दसऱ्याला बुकिंग करायचं ठरवलं. चांगला दिवस आहे. मी जिंकलो असं वाटायला हवं होतं.

११ सप्टेंबर

पितृपंधरवडा सुरू आहे. आज दिपेशची तिथी. त्याचे काका गोपीनाथ शेजारच्या आळीत राहतात, त्यांनी विधी केले. सत्तरी ओलांडलेला पण काटक माणूस, तरुणपणी मिठागरावर राबलेला. वडे, खीर, भाजी, सगळं केळीच्या पानावर वाढून मागच्या न्हाणीच्या पत्र्यावर ठेवलं. बराच वेळ कावळा शिवेना. मावशी हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिपेस, सगला बरा हाय र बाला. हेमाचा बी बरा चाललाय. घोर नको करू. तुझ्या जाग्यावर..." पुढचं पुटपुटल्या. लगेच कावळा आला.

दिपेशच्या जाग्यावर काय? रिकामं आहे, असंच म्हणाल्या असणार.

माझे वडील गेले तेव्हा आमचा कावळा दुपारपर्यंत आला नव्हता. यांचा लगेच. कावळेसुद्धा त्याच्या बाजूचे.

१२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

दुपारी डबा उघडला. भाकरीच्या कडेला चाक. सुबक, आऱ्यांसकट, तांबूस भाजलेलं. मी आजवर बघितलं नव्हतं, पण बघताच कळलं. ही दिपेशची भाकरी. काल तिथी झाली, बाईंच्या मनात लेक घोळत असणार, पहाटे त्याच्या नावाने भाकरी थापली आणि चुकून माझ्या डब्यात गेली. पितरांचा घास माझ्या पुढ्यात.

विकीने हात पुढे केला. त्याला म्हटलं, ही नको. वडापाव मागवला आणि भाकरी तशीच कागदात गुंडाळली. राग आलाच, पण खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुकही वाटलं. दुसरा कोणी असता तर फेकून दिली असती. मी ठरवलं, ज्याची त्याला पोचवायची. घरी आलो ते थेट मागे गेलो आणि काल पान ठेवलं होतं त्याच जागी, पत्र्यावर, भाकरी ठेवली. हातही जोडले. म्हटलं, घे बाबा तुझं.

दोन कावळे उतरले. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. "काय ठेवलात?"

"दिपेशची भाकरी मावशी. चुकून माझ्या डब्यात आलेली. मी खाल्ली नाही."

त्यांनी पत्र्याकडे बघितलं. चाक दिसलं असावं. मग या बाईंनी, ज्या काल कावळ्याला हात जोडत होत्या, त्यांनी पायातली चप्पल काढून कावळ्यांवर भिरकावली. "हाड! हाड मेल्या!" ओरडून आवाज फाटला. काठीने भाकरी खाली पाडली, झेलली, पदराने पुसली आणि कवटाळून पायरीवर बसल्या. "चोच तं नाय ना लावली? हेमा, बघ गो, चोच तं नाय ना लावली?" हेमांगी धावत आली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतेय.

मग मावशींनी मीठ-मिरच्या आणून माझी दृष्ट काढली. माझी! दृष्ट काढायची तर लेकाच्या फोटोवरून काढा ना. का माझीच नजर त्याच्या भाकरीला लागली असं वाटलं? आणि सख्ख्या लेकाच्या कावळ्याला चप्पल मारणारी आई मी तर पहिल्यांदा बघितली.

"झालं काय, सांग तरी," रात्री हेमांगीला म्हटलं. ती म्हणाली, "तुला सांगून कळणार असतं तर आजच कळलं असतं." आणि दिवा बंद केला.

१४ सप्टेंबर, रविवार

दोघी बाळकुमला नातेवाइकांकडे गेल्या होत्या. मी कुदळ काढली.

मूळ किती खोल असावं! अर्ध्याहून जास्त सकाळ त्यात गेली. धुण्याच्या दगडाभोवतीचा सगळा कोपरा खणला, मूळ ओढून काढलं, फळं-फांद्या पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. निघालेली माती भेंडीच्या वाफ्यात पसरली. जागा साफ दिसू लागली.

मावशी आल्या, मागे गेल्या, उभ्या राहिल्या. मी भांडणाच्या तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "काडलात? बरा केलात. आता तुमची भेंडी मोठी व्हईल."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर

डब्यात भाकरी येते. साधी, गोल, पांढरी. विकी म्हणतो, "सर, हल्ली तुम्ही डबा उघडल्यावर भाकरी उलटीसुलटी करून काय बघता?" मी म्हटलं, नीट भाजलीय का ते बघतो.

खरं तेच. दुसरं काय बघणार?

२ ऑक्टोबर, दसरा

दुपारी बुकिंगला निघायचं होतं. गोपीनाथकाका सोनं द्यायला आले आणि मावशींनी त्यांना जेवायला बसवलं. माझ्या शेजारीच पान. काकांनी भाकरी घेतली, सवयीने उलटून बघितली, मग माझ्या पानातलीही बघितली आणि म्हणाले, "वयनी, छाप कं नाय?"

"झारच नाय तं छाप कुठशी?" मावशी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"झार नाय? अरे अरे." काका माझ्याकडे वळले. त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून सहज सांगायला लागले. "तुमाला ठाव नसंल अनिशराव. मिठागराव आमी गावची सगली मानसा. दुपारच्या भाकरी येकाच पाटीन यायच्या, येक बाय डोक्यावर घेवून यायची. कुनाची कंची कसा कलनार? म्हनून दर घराचा छाप. कुनी बोट दाबी, कुनी काटकीची फुली. आमचा पेटारीचा चाक. भाकर उलटाची, चाक दिसला का आपली. मिठागरा गेली, पन वयनीनं सोरला नाय. दिपेसला हापिसान पन चाक."

"दिपेशलाच ना?" मी विचारलं. घास हातातच राहिला.

"घरच्या मानसाला. पावना किती बी मोठा असूंदे, जावय असूंदे, त्याला बिनछापाची. पावना खातो आन जातो. चाक त्याला, जो दिस बुरला का घरा येनार." काकांनी पाणी प्यायलं. "दिपेस गेला तवापासून वयनीनं कुनालाच नाय केला. मधी बोलत व्हती, या पावसात झार फलला का करीन. तिथी झाली का करीन. मी बोललू, कर."

पुढचं जेवण कसं गेलं माहीत नाही. तिथीच्या दुसऱ्या दिवशीची भाकरी. ती मी पत्र्यावर ठेवली. पितरांच्या जागी. माझी स्वतःची. आणि हात जोडून म्हटलं, घे बाबा तुझं. चप्पल, पदर, मीठ-मिरच्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

मावशी ओट्यापाशी होत्या. मी जाऊन उभा राहिलो. "मावशी, मी... मला वाटलं..."

"तुमाला माहीत नवता," त्या म्हणाल्या. "भात घ्या आजून."

टिटवाळ्याला गेलो नाही. बिल्डरच्या माणसाचा फोन येत राहिला, घेतला नाही. मागे जाऊन त्या खड्ड्याकडे बघत बसलो. मला घरात घ्यायला आलेलं झाड मीच मुळासकट काढलं, तेही घाम गाळून. गाढव, गाढव, गाढव.

५ ऑक्टोबर

हेमांगीला म्हटलं, तू आधीच का नाही सांगितलंस?

"काय सांगू? की ती भाकरी तुझी होती? आईंनी करायची आणि मी समजावून सांगायची?" मग म्हणाली, "माझ्या भाकरीवर कधीच नव्हतं, अनिश. लग्न झाल्यापासून कधीच नाही. दिपेशचा डबा आणि माझा डबा शेजारी शेजारी भरला जायचा."

"अगं, तू तर घरचीच," मी म्हटलं. ती भांडी घासायला उठून गेली. बायकांचं काही कळत नाही. इथे माझ्या हातून एवढं झालंय आणि ही जुनं उगाळत बसली.

८ ऑक्टोबर

खाडीकडच्या रस्त्यावर, एका बांधकामाच्या पत्र्याला लागून पेटारी दिसली. बाइक थांबवून टपोरं हिरवं फळ तोडलं, रुमालात घालून आणलं आणि ओट्यावर ठेवलं. मावशींनी उचललं, फिरवून बघितलं. थोडं हसल्या. "यो बाहेरचा. चालत नाय. आपल्या परसानचा लागतो."

"मग परसात उगवेल तेव्हा?"

"तवा बघू," त्या म्हणाल्या. म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत.

१९ ऑक्टोबर

उगवली! भेंडीच्या वाफ्यात, मी पसरलेल्या त्याच मातीत, बदामी पानांची रोपंच रोपं. माती उकरली की उगवतात असं आसावरीबाई म्हणाल्याच होत्या. तेव्हा ती धमकी वाटली होती.

धावत त्यांच्याकडे गेलो. रोपाला लवकर फळ कसं धरेल ते विचारलं. चष्मा वर करून म्हणाल्या, "तुम्ही हिला काढायला आला होतात ना?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. त्यांनी सांगितलं, एकच जोमदार ठेवा, बाकीची विरळ करा, ऊन मिळेल अशी जागा बघा आणि पांढऱ्या माशीपासून जपा.

टॉवरांमुळे आमच्याकडे ऊन फक्त भेंडीच्या वाफ्यावरच टिकतं. रोगट भेंडी तिथेच उभी होती. उपटली सगळी. बोबडे कुंपणावरून म्हणाले, "काय राव, पीक काढून तण जोपासता?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

३० नोव्हेंबर

बिल्डरच्या माणसाचा शेवटचा फोन. म्हणाला, सर, निर्णय सांगा. म्हटलं, आमच्याकडे एक झाड फळायचंय, तोवर घर सोडता येत नाही. तो म्हणाला, आंबा का? मी हो म्हटलं. कुठे समजावत बसू?

रोप गुडघ्याएवढं झालंय. संध्याकाळी आलो की आधी पानं उलटून माश्या बघतो. मावशी पायरीवरून बघत असतात. हेमांगी चहा तिकडेच आणून देते, आणि हो, माझ्याकडे बघून देते. कदाचित आधीही तशीच देत असेल.

७ जानेवारी

पहिलं फूल. मी फाटक उघडलं आणि समोर पिवळंधमक. कोणाला बोलावू असं झालं. दोघी आधीच तिथे उभ्या होत्या.

२३ जानेवारी

परवा फळ भरलं. मावशींनी अंगठ्याने दाबलं. आता मान हलवतील असं मला वाटलं. त्यांनी ते खुडलं आणि पदरात टाकलं.

आज दुपारी डबा उघडायला हात होईना. भाकरी उलटली. चाक. कडेला, ठसठशीत, एकही आरी तुटलेली नाही. विकीने रोजच्यासारखा हात पुढे केला.

"नाही," मी म्हटलं.

"सर, अर्धी तरी!"

"तुकडा नाही. वडापाव खा, पैसे मी देतो."

"काय सर, भाकरीवरून जळता!" तो म्हणाला. जळतोच. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याला सांगितलं ठेचा तिखट आहे. ठेचा नव्हताच डब्यात.

मग हेमांगीचा फोन. नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरलो. "काय झालं गं?"

"अनिश," ती म्हणाली, "माझ्या पण भाकरीवर आहे." आणि शाळेच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागली.

ऑक्टोबरात ती काय सांगत होती ते मला तेव्हा, लिफ्टच्या खड्ड्यात उभा असताना कळलं. आनंद व्हायला हवा होता, आणि झाला. पण डायरीत खोटं कशाला लिहू? त्याच्या आधी, क्षणभर, पोटात दुखलं. चाक माझ्या एकट्याचं नव्हतं तर.

संध्याकाळी मावशी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी जाऊन बसलो. राहवेना, विचारलंच. "आई, माझ्यावरचं चाक जास्त ठळक होतं ना? हिचं थोडं पुसट?"

आतून हेमांगी ओरडली, "मुळीच नाही! माझंच ठळक!"

भागीरथीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "गप र मेल्या," म्हणाल्या. "उठ, हात-पाय धू. जेवाला बस."

उठलो, हात-पाय धुतले आणि जेवायला बसलो.